बिनतारी निरोप खाटेपर्यंत

मांजरसुंबा हे आपल्या बीड जिल्ह्यातले रस्त्यांचे गाव. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ येथून जातो. येथूनच एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे फुटतो आणि एक पाटोद्याकडे. बालाघाटाच्या डोंगरातला घाट जवळच आहे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारी माणसेही याच वाटेने जातात. रात्र असो की दिवस, वाहने थांबत नाहीत.

रस्ता आला की सोय होते, पण अपघातही होतात. म्हणून इकडच्या माणसाला दवाखान्याची वाट पाठ असते. दुखणे मोठे असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय.

पण मंडळी, दवाखान्याच्या दारात पोचलो म्हणजे सगळे झाले असे नाही. दाराच्या आत आणखी एक वाट असते. ती डोळ्यांना दिसत नाही. आज आपण त्या वाटेचा धडा वाचू.

१. एक रात्र

पावसाळ्यातली गोष्ट. आमच्यातल्या एकाचा चुलतभाऊ मोटारसायकलवरून घाटात घसरला. मांडीला मोठी जखम झाली. रक्त थांबेना. आम्ही १०८ नंबरला फोन लावला. ही फुकट रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ सालापासून आहे. गाडी आली. आम्ही एका रुग्णालयात पोचलो. त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण अशी अडचण पुष्कळ ठिकाणी असते.

डॉक्टरांनी तपासले. मलमपट्टी झाली. अंगात रक्त किती उरले आहे हे पाहायला नमुना घेतला. मग रुग्णाला शेवटच्या खोलीत खाट मिळाली. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

आम्ही विचारले, "सिस्टर, रिपोर्ट आला का?"

सिस्टर म्हणाल्या, "आला असेल हो दादा. पण या कोपऱ्यात रेंजच नाही. थांबा, व्हरांड्यात जाऊन बघते."

हातातली पाटीसारखी मोबाईल-वही घेऊन त्या व्हरांड्यात गेल्या. तेथेही काही उमटेना. मग जिन्यापाशी गेल्या. इकडे खोलीत दुसरी म्हातारी कण्हत होती, तिच्याजवळ कोणी नव्हते. शेवटी आमच्यातला एक पोरगा प्रयोगशाळेत पळाला आणि कागद घेऊन आला. रक्त चढवावे लागणार होते. या सगळ्यात वीस मिनिटे गेली.

भाऊ वाचला. आज तो शेतात काम करतो. त्या वीस मिनिटांत काही बिघडले नाही, पण बिघडू शकले असते. रिपोर्ट तयार होता, डॉक्टर हजर होते, सिस्टर धावत होत्या. कोणाचीही हयगय नव्हती. अडला होता तो फक्त निरोप.

२. बिनतारी म्हणजे काय?

पूर्वी निरोप तारेवरून जाई. आता तो हवेतूनही जातो. त्याला बिनतारी म्हणतात. हवेतून जाणाऱ्या या लहरी दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. आपला रेडिओ याच जातीच्या लहरींवर चालतो.

आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात याचा प्रयोग लोकांना दाखवला. त्यांनी एका ठिकाणाहून लहरी सोडल्या. भिंती ओलांडून त्या पलीकडे गेल्या आणि दूरची घंटा वाजली. मधे तार नव्हती. लोक थक्क झाले.

रुग्णालयातले वाय-फाय हे त्याच घराण्यातले. भिंतीवर किंवा छताला एक लहान डबी असते. बाहेरून तारेने आलेले इंटरनेट ती डबी लहरींच्या रूपाने खोलीत पसरवते. मोबाईलचा टॉवर वेगळा आणि ही डबी वेगळी. टॉवर गावाबाहेर असतो, त्याची लहर मैल-मैल चालते. डबीची लहर खोली-दोन खोल्यांपुरती असते.

नळयोजनेचे उदाहरण घ्या. गावाच्या वेशीवर टाकी बांधली, म्हणजे घरोघरी पाणी आले का? नाही. नळ ओढावा लागतो. रुग्णालयात इंटरनेट आले, ही टाकी झाली. ते प्रत्येक खाटेपर्यंत पोचणे, हा नळ झाला.

३. लहर कोठे अडते?

जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात. दगडाच्या किंवा सिमेंट-लोखंडाच्या भिंतीतून जाताना लहर थकते. लोखंडी कपाटे, लिफ्ट आणि पत्र्याची दारे तिला मागे ढकलतात. एक्स-रेच्या खोलीला शिसे लावलेले असते. ते एक्स-रे अडवण्यासाठी असते, पण बिनतारी लहरही त्यात अडते.

पाणीही लहर शोषून घेते. माणसाचे शरीर निम्म्याहून अधिक पाणीच आहे. म्हणून ओ.पी.डी.त बाजारासारखी गर्दी झाली, की सकाळी चांगली असलेली रेंज दुपारी कमी होते.

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एकीला २.४ म्हणतात, दुसरीला ५. दिंडी लांबून येते तेव्हा आधी मृदंगाचा घुमारा कानी येतो. टाळांची किणकिण जवळ आल्यावरच ऐकू येते. तसेच हे आहे. २.४ ची लहर लांब जाते, पण कामाला सावकाश. ५ ची लहर झपाट्याने काम करते, पण लवकर थकते. रुग्णालयात दोन्ही लागतात.

४. मग करायचे काय?

पुष्कळांना वाटते, एक मोठी जोरदार डबी लावली की काम भागले. हे खरे नाही. टेकडीवर उभा राहून एकाने मोठ्याने हाक मारली, तर खालच्याला ऐकू येते. पण खालच्याचा आवाज बारीक असेल, तर त्याचे उत्तर वर पोचत नाही. मोबाईलचा आवाज बारीकच असतो. म्हणून एका मोठ्या डबीपेक्षा योग्य जागी लावलेल्या अनेक लहान डब्या बऱ्या.

जागा कशी ठरवायची? चालून. हातात मोबाईल घ्यायचा आणि खोली-खोली, खाट-खाट हिंडायचे. लहर किती आहे हे आकड्यात दाखवणारी साधने मोबाईलवर फुकट मिळतात. हा आकडा उणे असतो. उणे म्हणजे उधारी समजा. उधारी जितकी थोडी तितके बरे. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत बोलणे आणि काम नीट चालते. उणे ८० म्हणजे निरोप अडखळणार. प्रत्येक खाटेजवळचा आकडा कागदावर लिहायचा. हे मोजमाप रिकाम्या इमारतीत करू नये. दारे लावलेली, खाटा भरलेल्या आणि गर्दी असलेल्या दिवशी करावे. तरच खरे कळते.

मग पुढची कामे:

पहिले, प्रत्येक डबीपर्यंत पक्की तार ओढावी. बिनतारी म्हटले तरी तिच्या पाठीशी तार लागतेच.

दुसरे, शेजारच्या डब्यांनी एकाच पट्टीत बोलू नये. बाजारात दहा जण एकदम ओरडले, तर कोणाचेच कळत नाही. २.४ च्या लहरीत १, ६ आणि ११ या तीन पट्ट्या एकमेकींत मिसळत नाहीत. जवळजवळच्या डब्यांना त्या वाटून द्याव्यात.

तिसरे, डब्यांना इन्व्हर्टरची वीज द्यावी. आपल्याकडे वीज जाते, आणि ती जाते तेव्हाही रुग्ण आजारीच असतो.

चौथे, कामाची वाट आणि पाहुण्यांची वाट वेगळी ठेवावी. सोबत आलेल्या माणसांनी सिनेमा लावला आणि डॉक्टरांचा रिपोर्ट अडला, असे होता कामा नये. बैलगाडी आणि रुग्णवाहिका एकाच अरुंद बोळातून नेली तर काय होईल, ते आपल्याला ठाऊक आहे.

पाचवे, सिस्टर चालत जाताना एका डबीकडून दुसऱ्या डबीकडे काम न तुटता गेले पाहिजे. कावडीचा एक खांदा दुखला की ती न थांबता दुसऱ्या खांद्यावर घेतात, तसे.

५. यात लाभ कोणाचा?

लाभ रुग्णाचा. रिपोर्ट खाटेशी आला, तर सिस्टर खाटेशी राहते. तिचे धावणे वाचते आणि तो वेळ रुग्णाला मिळतो. औषध देताना मागचे औषध कोणते, कोणते सोसत नाही, हे तेथेच पाहता येते.

लहान दवाखान्यालाही लाभ आहे. २०१९ साली ई-संजीवनी ही सरकारी सेवा सुरू झाली. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतात आणि पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. आमच्या एका मावशींनी असा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर समोर दिसले, पण मधेच तोंड हलायचं अन् आवाज नाही!" लहर अशक्त असली की असे होते. मोठ्या डॉक्टरांनी अर्धेच ऐकले, तर सल्लाही अर्धाच मिळणार.

६. भीती आणि खबरदारी

कोणी विचारतील, या लहरींनी शरीराला अपाय होतो का? एक्स-रे निराळे आणि या लहरी निराळ्या. एक्स-रेमध्ये शरीराच्या आतल्या कणांची मोडतोड करण्याइतका जोर असतो. वाय-फायच्या लहरीत तो जोर नसतो. तरी अतिदक्षता विभागात मोबाईल बंद करा असे सांगितले, तर ऐकावे.

दुसरी भीती मात्र खरी आहे. ज्या वाटेने निरोप येतो, त्या वाटेने चोरही येऊ शकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स या मोठ्या रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. कित्येक दिवस तेथे नोंदी हाताने कराव्या लागल्या. त्यातून दोन गोष्टी शिकाव्यात. कामाच्या वाय-फायचा परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवू नये आणि कोणालाही सांगू नये. आणि कागद-लेखणीची सवय कधी सोडू नये. श्वासाच्या यंत्रासारखी जीवन-मरणाची यंत्रे केवळ बिनतारी निरोपाच्या भरवशावर ठेवू नयेत. लहर तुटली तरी त्यांनी जागेवर काम केले पाहिजे आणि जवळ माणूस असला पाहिजे.

७. आपले काम

आपण म्हणू, "हे मोठ्या साहेबांचं काम, आपण काय करणार?" तसे नाही. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामसभा तर आपलीच आहे. तेथे नुसते "रेंज नाही" असे म्हणू नये. त्याने काही होत नाही. "शेवटच्या खोलीत, खिडकीकडच्या तीन खाटांजवळ, दार लावल्यावर लहर मिळत नाही," असे लिहून द्यावे. तारीख घालावी, वेळ घालावी. अशा अर्जाला उत्तर देणे भाग पडते.

आता तुम्हाला लिहिता येते. पूर्वी आपण दवाखान्यात अंगठा उठवून गप्प बसत होतो. आता एका कागदावर चार ओळी लिहून आपण एका खोलीची अडचण दूर करू शकतो. पुढच्या पावसाळ्यात घाटातून आणखी कोणी त्या खोलीत येईल. तो आपल्या ओळखीचा असेल किंवा नसेलही. त्याचा रिपोर्ट त्याच्या खाटेपर्यंत वेळेवर पोचावा, एवढ्यासाठी हा धडा.

आठवा आणि सांगा

१. टाकी आणि नळ यांच्या उदाहरणातून काय कळले?

२. उणे ५० आणि उणे ८० यांत चांगली लहर कोणती? का?

३. एका मोठ्या डबीपेक्षा अनेक लहान डब्या का बऱ्या?

४. रेंज मोजायला गर्दीचा दिवस का निवडावा?

५. तुमच्या जवळच्या दवाखान्यात लहर कोठे अडते? रुग्ण कल्याण समितीला चार ओळींचा अर्ज लिहा. तारीख विसरू नका.