हिमाची गोधडी

बर्फवाला बर्फाची लादी लाकडाच्या भुशात पुरून वर गोणपाट टाकतो, हे तुम्ही पाहिले असेल. भुसा काही गार नसतो. तो उष्णतेचा दुर्वाहक आहे. बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, एवढेच. हे ध्यानात ठेवा आणि माझ्याबरोबर कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या गव्हाच्या शेतात चला.

आपल्याकडे गहू नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात आणि चार महिन्यांत तो घरात येतो. सस्कॅचेवानचा हिवाळी गहू सप्टेंबरच्या सुमारास पेरला जातो, तो पुढच्या ऑगस्टच्या आसपास कापतात. मधला सगळा हिवाळा रोप शेतातच काढते. थंडी त्याला हवीही असते, कारण काही आठवडे गारवा सोसल्याशिवाय ते ओंबीवर येत नाही. पण तेथे हवेचे तापमान कधी कधी उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते! जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवर रोपाची एक लहानशी गाठ असते. नवी पाने आणि मुळे तिच्यातूनच फुटतात. थंडी हळूहळू वाढत गेली तर ही गाठ काटक बनते. तरीही काटक वाणांची गाठ उणे २० अंशांच्या आसपास मरू लागते. गाठ मेली की रोप गेले.

मग ते जगते कसे? हिमामुळे. ‘सर, हिम तर गार असते, ते ऊब कशी देईल?’ वर्गात हा प्रश्न हमखास येतो. हिम ऊब देत नाही. जमिनीत उन्हाळ्यापासून साठलेली उष्णता ते बाहेर जाऊ देत नाही. ताज्या हिमाच्या आकारमानात दहापैकी नऊ भाग अडकलेली हवाच असते. त्यामुळे घट्ट बर्फाची उष्णतावाहकता सुमारे २.२ वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, तर भुसभुशीत हिमाची ०.१च्या आसपास. म्हणजे १० सेंटीमीटर हिमाचा थर दोन मीटर बर्फाइतकी उष्णता अडवतो. एवढे पांघरूण असले की गहू बहुधा तग धरतो. म्हणून तिथले शेतकरी आधीच्या पिकाची धसकटे उभी ठेवून त्यांतच पेरणी करतात. वाऱ्याने उडणारे हिम धसकटांत अडकते. बिनखर्चाची ही युक्ती मला फार आवडते.

आता पृथ्वी तापते आहे. उत्तर गोलार्धात वसंतातले हिमाच्छादन घटत असल्याचे उपग्रहांच्या १९६७ पासूनच्या नोंदी सांगतात. हिवाळ्यातले चित्र मात्र प्रदेशागणिक वेगळे आहे. हिवाळा सौम्य झाला तर गव्हाचे बरेच झाले, असे तुम्ही म्हणाल. पण भर हिवाळ्यात चार दिवस ऊब आली, तर हिम वितळते आणि गाठीचा काटकपणाही उतरतो. पाठोपाठ थंडीची लाट आली की उघडे रोप गारठून मरते. हिमावर पाऊस पडला तर आणखी वाईट. वितळलेले पाणी गोठून त्याचा बर्फाचा पापुद्रा बनतो आणि त्याखाली रोप गुदमरते.

याच्या उलट, न गोठलेल्या जमिनीवर दाट हिम फार दिवस राहिले, तर साठवलेली साखर संपून रोप अशक्त होते आणि बुरशी त्याला खाते.

एक गणित वहीत सोडवून पाहा. भुसभुशीत हिमाचा १० सेंटीमीटरचा थर वितळून पुन्हा गोठला आणि १ सेंटीमीटर बर्फ झाला. तापमानातील फरक तोच असेल, तर उष्णता किती पट वेगाने बाहेर जाईल? उत्तर दोनशेहून अधिक यायला हवे.