बोलत नाही, की ऐकू येत नाही?



या अंकातील अभ्यासाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते.

कामशेतजवळच्या एका कातकरी वाडीत आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. तीन वर्षांपूर्वी तिथला चार वर्षांचा एक मुलगा अंगणवाडीत तोंडच उघडत नसे. तो मुका आहे, असे सर्वांनी धरूनच ठेवले होते. एका संध्याकाळी मी त्याच्या झोपडीमागे उभी होते, तर हा पठ्ठ्या खेकड्यांच्या वाटणीवरून भावाशी तावातावाने भांडत होता, अस्खलित कातकरीत! त्याच्या जिभेला काही झाले नव्हते. अंगणवाडीतली मराठी त्याला परकी होती, एवढेच. मुलाची भाषा तपासायची तर ती त्याच्या घरच्या बोलीत तपासली पाहिजे, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगू लागले. ते खरेही आहे.

पण हाच धडा मी पुढे चुकीच्या ठिकाणी लावला. त्याच वाडीत दोन वर्षांची एक मुलगी होती. तीही बोलत नव्हती. तिची आजी म्हणाली, "बाई, हाक मारली तरी पोर वळत नाय." मी हसून म्हटले, "आजी, घाबरू नका. आपल्या बोलीत बोलायला लागेल की." दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेले आणि पावसाच्या तोंडावर परतले. मुलगी तीन वर्षांची झाली होती, पण तोंडात एक शब्द नव्हता. आजीची तक्रार न बोलण्याची नव्हतीच, न ऐकण्याची होती. मी ती नीट ऐकली नाही आणि लेकराचे एक वर्ष गेले.

ज्याला आपण मुका म्हणतो, त्याचा घसा आणि जीभ बहुधा धड असतात. कानावर शब्द पडत नाहीत म्हणून तोंडातून येत नाहीत. जन्मतः बहिरे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, आवाज काढते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पुढे ते आवाज वाढण्याऐवजी कमी होत जातात. शिवाय दार आपटले किंवा ताट पडले की अशी मुले कधी कधी दचकतात. मोठा आवाज थोडा पोहोचतो, जमिनीचा हादरा कळतो. मग आई म्हणते, ऐकू येते की! म्हणून पाहायचे ते हळू आवाजाला. मूल खेळात असताना मागून, सावली पडू न देता, साध्या आवाजात नाव घ्यावे. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते. वर्षाच्या आसपास पहिले शब्द येतात, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. शंका आली तर थांबू नये. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, अशी जगभर मानलेली मुदत आहे. आमची मुलगी तीन वर्षांची होती.

मार्काच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला बरे करतो, ते आपल्याला ठाऊक आहे. तो त्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो आणि कानांना, जिभेला स्पर्श करतो. आधी कान उघडतात, मग जीभ सुटते. डिप्लोमा करताना या उताऱ्यावर मी निबंध लिहिला होता, पण हा क्रम तेव्हा माझ्या नजरेतून सुटला. पुण्यातल्या तपासणीच्या शांत खोलीत बसल्यावर तो दिसला.

त्या तपासणीला बेरा म्हणतात. डोक्याला आणि कानामागे तारा चिकटवून आवाज ऐकवतात आणि मज्जातंतूंकडून येणारा प्रतिसाद यंत्रावर पाहतात. मुलाने काही सांगावे लागत नाही, पण झोपावे लागते. म्हणून तिला पहाटे चारला उठवले आणि लोकलमध्ये झोपू दिले नाही. मळवलीपासून शिवाजीनगरपर्यंत आजी तिला खिडकीतून म्हशी दाखवत होती. निदान झाले: दोन्ही कानांत तीव्र बहिरेपणा.

कान वाहणे हा वेगळा प्रकार. मावळातल्या पावसात वाड्यांवर तो फार दिसतो. त्यात ऐकू कमी येते, पण वेळेवर उपचार झाले तर बऱ्याच मुलांचे ऐकणे सुधारते. कानात गरम तेल किंवा लसणाचा रस घालू नका, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणी तरी घालतेच.

वाचा-उपचारतज्ज्ञ गिळण्याचे त्रासही पाहतात, हे मला उशिरा कळले. टाळू फाटलेले बाळ दूध नाकातून काढते. त्याला उभट धरून थोडे थोडे पाजायचे असते. पक्षाघात झालेल्या माणसाला भाताच्या घासापेक्षा पाण्याचा घोट अवघड जातो. खोकला येतो, पाणी श्वासनलिकेत उतरते आणि छाती भरते. आडवे ठेवून पाजू नये. पाण्याऐवजी दाटसर पेज द्यावी का, हे तज्ज्ञाला विचारावे. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या रुग्णाच्या घरी गेलात, तर जेवताना ठसका लागतो का, एवढे जरूर विचारा.

मदत कुठे मिळते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. बोलणे आणि ऐकणे, दोन्ही त्यांच्या तपासणीत आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची स्वतंत्र नोंद आहे.

मुलीला सरकारी योजनेतून श्रवणयंत्रे मिळाली. आपल्या देणगीतून गाडीभाडे आणि बॅटऱ्यांचा खर्च होतो. आमच्याकडच्या पावसात यंत्रात ओल जाते, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. मूल वाढले की कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारते, मग नवा साचा. वर्ष झाले. मोठ्या हाकेला ती वळते, पण शब्द फारसे स्पष्ट पोहोचत नाहीत, असे तज्ज्ञांचे म्हणणे आहे. कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार सुरू आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेत वयाची अट पाच वर्षांची आहे आणि आमच्या हातात आठ महिने आहेत. शस्त्रक्रियेनंतरही बोलणे शिकवायला आठवड्याच्या आठवड्याला पुण्याला जावे लागेल, तेही काही वर्षे.

तिच्या आईबापाने मुकादमाकडून उचल घेतली आहे, दिवाळीनंतर ते भट्टीवर जातील. यंदा आजी जाणार नाही. "पोरीला घेऊन मी राहते," ती म्हणाली, आणि लोकलचा पास महिन्याचा काढायचा की तीन महिन्यांचा, ते मला विचारू लागली.