केसगळतीचे औषध : जास्त म्हणजे चांगले नव्हे

लग्नाची बोलणी सुरू झाली की तरुणाची नजर आरशात कपाळावर जाते. केस मागे सरकलेले दिसतात. मित्र एका बाटलीचे नाव सांगतो, मेडिकलवाला ती चिठ्ठीशिवाय देतो, आणि लवकर गुण यावा म्हणून ती दिवसातून चार वेळा डोक्यावर ओतली जाते. पैसे जातात, डोके खाजते, केस मात्र येत नाहीत. म्हणून या वेळी केसांच्या औषधाची योग्य मात्रा कोणती, ते समजून घेऊ.

आधी कारण, मग औषध

रोज ५० ते १०० केस गळणे नेहमीचेच आहे. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. बायकांमध्ये अंगात लोह कमी असणे आणि थायरॉइडचा आजार ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. रक्ताची तपासणी केली की ती कळतात. एकाच जागी गोल टक्कल पडले तर ती चाई असू शकते. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो आणि त्याला पोटात घ्यायचे औषध लागते. या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पुढची दोन औषधे मुख्यतः आनुवंशिक टकलासाठी आहेत. यात पुरुषांचे कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळू उघडी पडते. बायकांचा भांग रुंद होत जातो.

डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल

हे मुळात रक्तदाबाच्या गोळीतले औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले.

पुरुषांना साधारणपणे ५ टक्क्यांचे द्रावण, एका वेळी १ मि.ली., सकाळ-संध्याकाळ. बायकांना २ टक्क्यांचे, तेवढेच आणि तितक्याच वेळा. बायकांनी पुरुषांची बाटली वापरली तर चेहऱ्यावर लव वाढण्याचा संभव जास्त. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईने हे औषध लावू नये.

मात्रा बरोबर आहे का, हे बाटलीवरूनच कळते. रोज २ मि.ली. लागते, म्हणजे ६० मि.ली.ची बाटली बरोबर ३० दिवस पुरली पाहिजे. पंधरा दिवसांत संपली तर दुप्पट लावत आहात. दोन महिने पुरली तर औषध अर्धेच पोचते आहे. १० टक्क्यांच्या बाटलीने ५ टक्क्यांपेक्षा जास्त केस येतात, असे सिद्ध झालेले नाही. खाज आणि जळजळ मात्र वाढू शकते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका.

औषध केसांना नव्हे, टाळूच्या कातडीला लावायचे. टाळू कोरडी हवी, जखम नको. लावून झाल्यावर हात धुवा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसते. जुने केस पडून नव्यांना जागा होत असते. त्याला घाबरून अनेक जण तिथेच औषध सोडतात. फरक दिसायला किमान चार महिने लागतात. औषध बंद केले की आलेले केस तीन-चार महिन्यांत पुन्हा जातात. म्हणून दर महिन्याची बाटली वर्षानुवर्षे परवडेल का, हा हिशेब आधी करा.

छाती धडधडणे, चक्कर, पायांवर सूज असे काही जाणवले तर औषध थांबवून डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाची मिनॉक्सिडिल गोळी केसांसाठी स्वतःहून कधीच घेऊ नका.

पोटात घ्यायचे फिनास्टेराइड

हे पुरुषांसाठी आहे. केसांसाठी मात्रा दिवसाला १ मि.ग्रॅ. हेच औषध ५ मि.ग्रॅ.मध्ये प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर माणसांना देतात. आजोबांची गोळी नातवाने घेतली तर औषध पाचपट जाते, केस पाचपट येत नाहीत. काही जणांना कामेच्छा कमी होणे, ताठरतेत अडचण, मन उदास होणे असे त्रास होतात. लाज न बाळगता ते डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे सांगा, कारण तिने तो आकडा साधारण निम्मा दिसतो.

पैसे वाचवण्यासाठी मोठी गोळी तोडून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. तुकडे सारखे पडत नाहीत, आणि धोका घरच्या बाईला असतो. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला किंवा तिच्या भुकटीला हात लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियाची वाढ बिघडू शकते.

जयंतीच्या किंवा ६ डिसेंबरच्या शिबिरात रक्तदान करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : ही गोळी बंद केल्यावर किमान एक महिना रक्त देऊ नये. ते रक्त गरोदर बाईला चढवले जाऊ शकते.

एका खोलीतले घर

आपल्याकडे एकाच खोलीत सगळे शेजारी शेजारी झोपतात, उशाही सामाईक असतात. रात्री लावलेले द्रावण ओले असताना झोपलात तर ते उशीला लागते, तिथून लेकराच्या गालाला. बाळाच्या अंगावर लव वाढू शकते. म्हणून झोपण्याच्या दोन तास आधी लावा, उशी वेगळी ठेवा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी हवी. पोटात गेल्यास रक्तदाब घसरतो, तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठा. घरात मांजर असेल तर तिलाही हे औषध जिवावर बेतते.

दवाखान्यात जाताना

मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी असते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि वापरलेली बाटली सोबत न्या. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : माझे केस कशामुळे गळतात? औषध किती घ्यायचे? किती महिने घ्यायचे? कोणता त्रास झाला तर थांबवायचे? चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा, म्हणजे जेनेरिक स्वस्तात मिळेल.

आणि घरच्यांनो, केस विरळ झाल्याने मुलगा कमी होत नाही, मुलगीही नाही. इलाज करायचा तर मोजून करावा. नाही केला तरी काही बिघडत नाही.