शिखर दिसलं की प्रश्न विचारा

सिंक्रोट्रॉनवर रेझोनंट क्ष-किरण विवर्तनासाठी पहिल्यांदाच निघालेल्यांना सांगावंसं वाटतं ते असं:

१. तक्त्यावर विसंबू नका. मँगनीजची के-एज ६५३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पण ती धातूची. ऑक्साइडमध्ये ती वर सरकते. आपल्याच स्फटिकाचा फ्लुरोसन्स स्कॅन घ्या आणि मग ऊर्जा ठरवा.

२. निषिद्ध परावर्तनं आधी शोधा. ठळक परावर्तनात अणूचे सगळे इलेक्ट्रॉन एकदम बोलतात, बाहेरच्या चार-दोघांचा आवाज ऐकूच येत नाही. सममितीनुसार जिथे शून्य यायला हवं, तिथे एजजवळ जे थोडंसं उमटतं ते अणूभोवतीच्या असमान रचनेमुळे. टेम्पलटन दांपत्याने १९८०च्या दशकात सोडियम ब्रोमेटमध्ये हे दाखवलं होतं.

३. मग स्फटिक फिरवा. निषिद्ध जागी दुहेरी विवर्तनाचंही शिखर येतं आणि ते फार फसवं असतं. विकिरण-सदिशाभोवती अंशाअंशाने फिरवत गेलं की ते सुईसारखं टोकदार उठतं आणि लगेच नाहीसं होतं. खरा रेझोनंट सिग्नल संथपणे चढतो-उतरतो. मुराकामी आणि सहकाऱ्यांच्या १९९८च्या मँगनाइटवरच्या प्रयोगात तो दर १८० अंशांनी परतला. रात्रभर जागून मी हा स्कॅन पूर्ण करते, त्यात काटकसर नाही.

४. कोणता इलेक्ट्रॉन दिसतोय, हे ठरवा. माझ्या मते या तंत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. के-एजला इलेक्ट्रॉन १एस मधून ४पी मध्ये जातो. ऑर्बिटल क्रम मात्र ३डी मध्ये असतो. ४पी वर शेजारच्या ऑक्सिजनच्या सरकण्याचा परिणाम इतका मोठा, की दिसतं ते ऑर्बिटल की जालकाची विकृती, यावर मुराकामींच्या निष्कर्षानंतर बराच वाद झाला. म्हणून २००३मध्ये विल्किन्स आणि सहकारी त्याच पदार्थासाठी एल-एजकडे वळले. सुमारे ६४० इलेक्ट्रॉन-व्होल्टला २पी मधून थेट ३डी मध्ये उडी. किंमतही आहेच: तरंगलांबी १९ अँगस्ट्रॉमच्या घरात, त्यामुळे मोजकीच परावर्तनं हाती लागतात आणि सगळा प्रयोग निर्वातात करावा लागतो. त्यांना ऑर्बिटल क्रम आणि जालकाची (यान-टेलर) विकृती, दोन्हींचा वाटा दिसला.

५. किरणाने नमुना तापतो. क्रायोस्टॅटचा आकडा नमुन्याचा नसतो. अ‍ॅटेन्युएटर घालून संक्रमणाचं तापमान पुन्हा तपासा.

आणि एक विनंती: शोधनिबंधात ऊर्जेचा आणि फिरवण्याचा, दोन्ही आलेख छापा. एकावरून वाचकाला खात्री करता येत नाही.