शब्दपाठ : करदाता

‘कर’ व ‘दाता’ मिळून ‘करदाता’ हा सामासिक शब्द होतो. अनेकवचन ‘करदाते’. दाता म्हणजे देणारा. तथापि कर हे दान नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २६५ अन्वये कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसविता येत नाही.

धर्माबादच्या मिरची बाजारात राबणाऱ्या मजुराचे मूल कदाचित म्हणेल, “आम्ही कर भरीत नाही.” शिक्षकांनी त्यास विचारावे : घरपट्टी कोण भरते? साबणाच्या वडीवर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे. दुकानदार तो शासनाकडे भरतो. भार मात्र गिऱ्हाइकावर पडतो. म्हणून आयकर न भरणारे कुटुंबही करदातेच होय. आपली शाळा कोणाच्या उपकारावर चालत नाही, हे मुलास उमगावे.

स्वाध्याय : घरपट्टीची पावती वर्गात वाचून घ्यावी व ‘करदाता’ शब्द योजून दोन वाक्ये लिहवून घ्यावीत.