बाण करणाऱ्याचा धडा

अवधूतांचे 24 गुरू दत्तभक्तांना पाठच असतात. भागवताच्या एकादश स्कंधात ते यदुराजाला सांगितले आहेत. त्यातला एक शरकार, म्हणजे बाण करणारा. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, तरी त्याला पत्ता नाही! धडा एकाग्रतेचा आहे, हे खरेच. पण मला त्यात आणखी एक दिसते. बाण त्याच्या हातात होता, आणि तो सरळ झाला की नाही हे ठरवणाराही तोच होता.

असे काम हातचे गेले तर काय होते? ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल गावची कापडगिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहणी केली; त्यांचे पुस्तक 1933 साली निघाले. आपल्याला वाटेल, पैसा गेला तरी वेळ तर मिळाला, लोक चार पुस्तके वाचतील. झाले उलटेच. वाचनालयाने शुल्क माफ केले, तरी पुस्तके नेणारे घटले. पुरुष रस्त्यात रेंगाळायचे. दिवसभर काय केलेत म्हणून विचारले तर धड सांगता येईना. बायका मात्र भरभर चालत, कारण चूल सुटली नव्हती. (बायकांना निवृत्ती इथेही नाही, पण तो वेगळा विषय.)

पेन्शनर आणि बेकार एका तराजूत घालू नयेत. तिथे पोटाचे हाल होते, आपल्याला दर महिन्याला पैसे येतात. पण रिकामा दिवस दोघांनाही सारखाच खातो. बँकेत संध्याकाळी काउंटरची रोकड जुळली की कसे हलके वाटायचे! पगार महिन्यातून एकदा, ते समाधान रोजचे.

म्हणून मंडळाला एक सुचवावेसे वाटते. उत्सवात आम्हा म्हाताऱ्यांना पुढची खुर्ची आणि नारळ देता, त्यापेक्षा एखादे काम पूर्ण सोपवा. नुसती वही लिहायला देऊन भागत नाही. डाळ किती मागवायची हे ठरवायचा अधिकारही द्या, आणि मग तासातासाला विचारायला येऊ नका. आमच्याकडचे एक गृहस्थ पत्नी गेल्यावर बोलेनासे झाले होते. दोन वर्षांपूर्वी कोठीची किल्ली त्यांच्याकडे दिली. आता वाण्याशी भावावरून भांडतात. यंदाच्या जयंतीला गूळ किती लागेल, याचा हिशोब त्यांनी कार्तिकातच काढून ठेवलाय.