उशाशी बसणारी

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. अशा वेळी घरात म्हातारी शेवटच्या दुखण्यात पडून असली, तर काय करायचे? एकाला मागे राहावे लागते. मग अर्धाच कोयता जातो. मागे राहते ती बहुधा सून. निम्मी वस्ती ओस पडते. रात्री हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसते.

म्हातारी कशी आहे, हे सारा गाव विचारतो. सुनेला कोण विचारतो?

आमचेच सांगतो. आमच्या मातोश्री पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या. आम्ही शाळेत मुलांना सेवेचे धडे देत होतो, अन् घरी सेवा करीत होती आमची पत्नी. भेटायला माणसे येत, त्यांचा चहाही तीच करी. "तू जेवलीस का?" एवढेसुद्धा आम्ही कधी विचारले नाही. तिची कंबर धरली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

कंबर का धरते? पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर माकडहाडापाशी जखमा होतात. पण हे एकटीने ओढून करू नये. जुन्या लुगड्याची घडी करून रोग्याच्या कमरेखाली घालावी, अन् दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला वळवावे. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. ते १९९७ साली निघाले. तेथे कर्करोगाच्या रोग्याबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात, अन् अशी सेवा शिकवतात. पैसे घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. ती कुणी उघड बोलत नाही. 'आता यातून सुटका व्हावी,' असे उशाशी बसणाऱ्याच्या मनात येते. मग ती स्वतःलाच पापी समजते. थकल्या जिवाच्या मनात असे येतेच. त्यात पाप कसले? आमच्या पत्नीने हे आम्हांला आई गेल्यावर वर्षाने सांगितले, तेही रडत.

केरळात गावोगाव शेजारीच ही सेवा शिकले आहेत. आठवड्यातले दोन-एक तास ते अशा घरी देतात. आपल्याला हे जड आहे का? शेजारी कुणी असे पडून असेल, तर जाताना भाकरी घेऊन जा. चहाची वाट पाहू नका. सुनेला म्हणा, "पोरी, तू घटकाभर पड. मी बसते हितं. काही लागलं तर उठवते."